ओळखीचा मोह : प्राचीन इजिप्शियन कथा आणि मराठी वाचक

१

प्राचीन इजिप्तमधील एका कथेत निपुत्रिक राजाला देवांच्या कृपेने पुत्र होतो. त्याचे भवितव्य सांगण्यासाठी सात हाथोर देवता येतात. मगर, साप किंवा कुत्रा यांपैकी एकाकडून या मुलाला मृत्यू येईल, असे त्या सांगतात. हबकलेला राजा वाळवंटात दगडी वाडा बांधून मुलाला तेथे ठेवतो. सुमारे इ. स. पू. तेराव्या शतकातील एका पपायरसवर ही कथा आली असून अभ्यासकांमध्ये ती 'शापित राजपुत्राची कथा' या नावाने ओळखली जाते.

मराठी वाचकाला, विशेषतः ज्याच्या घरात मुलाच्या जन्मानंतर पाचवी पुजली गेली आहे अशा वाचकाला, ही कथा प्रथम वाचताना परकी वाटत नाही. बाळंतिणीच्या खोलीत दिवा तेवत ठेवून कोरा कागद आणि लेखणी मांडण्याची रीत, रात्री येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी सटवाई, तो लेख कोणालाही पुसता न येणे, हे सारे त्याच्या मनात एकदम जागे होते. हाथोर सात आहेत हे कळताच नदीकाठच्या, विहिरीकाठच्या साती आसरा आठवतात. राजाने बांधलेला दगडी वाडा पाहून तक्षकाच्या भयाने एकखांबी प्रासादात राहिलेला परीक्षित आठवतो. पुढे राजपुत्राची पत्नी त्याला मृत्यूपासून वाचविण्यासाठी रात्रभर जागी राहते, तेव्हा सावित्रीची आठवण अटळ ठरते. 'हे तर आपलेच आहे' ही या वाचनाची पहिली प्रतिक्रिया होय.

परंतु याच प्रसंगात ही प्रतिक्रिया ठेचकाळते. राजपुत्र झोपला असताना त्याची पत्नी मद्याने भरलेली भांडी मांडून ठेवते. बिळातून साप येतो, ते पितो आणि धुंद होऊन उलटा पडतो. मग ती कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करते आणि नवऱ्याला उठवून सांगते की, तुझ्या देवाने तुझ्या तीन मरणांपैकी एक तुझ्या हाती दिले आहे. सापापुढे ठेवलेले भांडे पाहून ज्याच्या मनात नागपंचमीचे दूध आणि लाह्या आल्या, त्या वाचकाला येथे धक्का बसतो. त्या दिवशी चिरणे, कापणे, खणणे वर्ज्य असते आणि कहाणीतील नाग शेवटी प्रसन्न होतो. इजिप्शियन कथेत भांडे पुढे येते ते आमिष म्हणून, नैवेद्य म्हणून नव्हे. परीक्षिताची आठवणही फार टिकत नाही. इजिप्शियन राजपुत्र मोठा झाल्यावर स्वतःच त्या वाड्यात राहणे नाकारतो. दैव ठरलेलेच असेल तर कोंडून राहण्यात अर्थ नाही, असे म्हणून तो बाहेर पडतो.

वाचनाच्या या दोन क्षणांतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पहिल्या क्षणाला 'प्रत्यभिज्ञा' म्हणता येईल. दुसऱ्या क्षणासाठी असा प्रतिष्ठित शब्द समीक्षेत रूढ नाही, आणि ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. इजिप्तच्या कथांकडे पाहण्याचा भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्रातील, दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा इतिहास बव्हंशी पहिल्या क्षणाचाच इतिहास आहे. त्या क्षणाचा पुरावा म्हणून वापर झाला तेव्हा कधी संहिता बिघडली, कधी कथा सांगणारी व्यक्ती पुसली गेली, तर कधी समोरची संस्कृतीच गिळंकृत झाली.

२

या इतिहासाचा प्रारंभ इजिप्शियन लिपी वाचली जाण्यापूर्वीच झाला. विल्यम जोन्स याने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७८८ च्या पहिल्या खंडातील निबंधात ग्रीस, इटली आणि भारत येथील देवतांची तुलना केली. ईश्वर आणि ईशी यांची ओसायरिस आणि आयसिस यांच्याशी त्याने घातलेली सांगड पुढे अनेकांना मोहवीत राहिली. जोन्सपुढे इजिप्तची स्वतःची एकही कथा नव्हती. शांपोल्यों याने चित्रलिपीचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. तोवर इजिप्त म्हणून जे वाचले जाई ते हेरोडोटस, डायोडोरस आणि प्लुटार्क यांच्या ग्रीक ग्रंथांतले. आयसिस-ओसायरिसची सलग कथा आजही प्लुटार्ककडूनच घ्यावी लागते. इजिप्शियन स्तोत्रांत आणि मंत्रांत तिचे उल्लेख विखुरलेले आहेत, पण संपूर्ण कथन नाही. म्हणजे जी कथा मराठी वाचकाला 'ओळखीची' वाटते, तिची जुळणीच मुळात एका परक्या वाचकाने आपल्या तत्त्वज्ञानाच्या सोयीने केलेली आहे.

जोन्सच्या मागोमाग फ्रान्सिस विल्फर्ड आला. पुराणांत इजिप्त आणि नाईल नदी यांचे वर्णन आहे असा दावा त्याने १७९२ मध्ये त्याच नियतकालिकात केला. त्याला साहाय्य करणाऱ्या पंडिताने हवे ते श्लोक पुरविले होते. विल्फर्डने पाश्चात्त्य पुराणकथा सांगाव्यात आणि काही दिवसांनी त्यांच्याशी जुळणारे संस्कृत उतारे हाती यावेत, असा हा व्यवहार होता. पोथ्यांतील बदललेली पाने आणि फेरफार केलेली नावे ध्यानात आल्यावर विल्फर्डने १८०५ मध्ये आपली फसवणूक जाहीरपणे कबूल केली. सामान्यतः या प्रकरणाकडे पंडिताची लबाडी म्हणून पाहिले जाते. वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. वाचकाने ओळखीची अपेक्षा इतकी निश्चित करून ठेवली होती की, तिला अनुरूप संहिता निर्माण होणे एवढेच बाकी होते. याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते येथे वाचनाची चौकट न राहता लेखनाचा हुकूम बनले.

याच सुमारास, १८०१ मध्ये, जनरल बेअर्डच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानातून इजिप्तला फौज गेली. तीत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. तांबड्या समुद्रावरील कोसेर बंदरात उतरून वाळवंट ओलांडून ही फौज नाईलकाठच्या केना येथे पोहोचली. नदीच्या पैलतीरावर देंदेरा येथे हाथोरचे मंदिर आहे आणि तेथील स्तंभांवर गाईचे कान असलेल्या देवीची मुखे आहेत. हिंदू शिपायांनी ती आपलीच दैवते मानून तेथे दंडवत घातल्याची हकीकत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात वारंवार सांगितली गेली. ही हकीकत खरी मानली तरी तिच्यात एक मोठी उणीव आहे. शिपायाचे शब्द तिच्यात नाहीत. त्याने नमस्कार केला तो ओळख पटली म्हणून, की कोणत्याही देवळापुढे हात जोडावेत या साध्या संस्काराने, हे अधिकाऱ्याच्या रोजनिशीवरून ठरविता येत नाही. परमुलखात ग्रामदेवता दिसली तरी हात जोडणाऱ्या माणसाला ती आपल्या गावची देवी आहे असे वाटत असेलच असे नाही. आदर आणि ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानण्याची घाई शिपायाने केलेली नाही, त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी केली.

३

शिपायाचा आवाज हरवला. महाराष्ट्राशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात मात्र आवाज छापला गेला आणि तरीही हरवला. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यात, वडिलांबरोबर दक्षिण मराठा मुलखाचा दौरा करीत असताना, आपल्या आयाकडून लोककथा ऐकल्या. तिचे नाव ॲना लिबराता डिसूझा. तिचे घराणे मूळचे लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेले आणि गोव्याशी संबंध आलेले होते. या कथा १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने लंडनला प्रसिद्ध झाल्या. ज्या गव्हर्नराच्या कारकिर्दीत पुण्याच्या गणेशखिंडीतील प्रासादाचे काम सुरू झाले, त्याच्याच तंबूत हा संग्रह जन्मला. त्या प्रासादात पुढे पुणे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला आणि लोकसाहित्य हा त्याच विद्यापीठात अध्ययनाचा विषय बनला.

या संग्रहातील 'पंचकिन' या कथेतील जादूगार राजकन्या बालना हिला बारा वर्षे कैदेत ठेवतो. त्याचा प्राण त्याच्या देहात नसतो. दूरच्या निर्जन प्रदेशात, ताडांच्या दाट बनात, एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरींखाली पिंजरा असतो आणि त्यातील पोपटात तो प्राण असतो. बालनेचा मुलगा पोपट मिळवितो, त्याचे पंख आणि पाय तोडतो, तसतसे जादूगाराचे हातपाय गळतात. पोपटाची मान मुरगळताच जादूगार मरतो. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात राक्षसाचा जीव असल्याची गोष्ट महाराष्ट्रात ज्याने आजीच्या तोंडून ऐकली नाही असा वाचक विरळा.

याच्या सोळा वर्षे आधी, १८५२ मध्ये, इमान्युएल द रूजे या फ्रेंच अभ्यासकाने एका पपायरसवरील 'दोन भावांची कथा' विद्वानांच्या नजरेस आणली होती. लिपी उलगडल्यानंतर हाती आलेली ही पहिली इजिप्शियन लोककथा. हा पपायरस १८५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थोरला भाऊ अनपू, धाकटा बाता. अनपूची बायको बाताला मोहात पाडू पाहते आणि त्याने नकार दिल्यावर त्याच्यावरच आळ घेते. गोठ्यात शिरणारी गाय बाताला सावध करते. सूर्यदेव दोघा भावांमध्ये मगरींनी भरलेले पाणी उभे करतो. बाता आपले निर्दोषत्व पटविण्यासाठी स्वतःचे पुरुषत्व छाटून टाकतो, दूरच्या दरीत निघून जातो आणि आपले हृदय एका वृक्षाच्या फुलात ठेवतो. देवांनी त्याच्यासाठी घडविलेली पत्नी त्याचा घात करते. तिच्या केसांची बट पाण्यातून वाहत राजापर्यंत जाते, ती राणी होते आणि वृक्ष तोडायला लावते. बाता मरतो, भावाच्या शोधामुळे जिवंत होतो, बैल होतो, वृक्ष होतो आणि अखेरीस तिच्याच उदरी जन्म घेऊन राजा होतो.

पंचकिन आणि बाता या दोघांना एकत्र आणले ते तौलनिक लोकविद्येने. एडवर्ड क्लॉड याने १८८४ मध्ये 'पंचकिनचे तत्त्वज्ञान' या आशयाच्या शीर्षकाखाली आत्म्याविषयीच्या आदिम समजुतींची चर्चा केली. फ्रेझरने 'गोल्डन बाव'मध्ये (१८९०) देहाबाहेरील प्राण या कल्पनेची जगभरातील उदाहरणे मांडताना दोन्ही कथा घेतल्या. 'जीव ठेवलेली वस्तू' हे सूत्र त्यामुळे स्पष्ट झाले, हे फ्रेझरचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका मथळ्याखाली येताच दोन्ही कथांतील कथापण निघून गेले. पंचकिनचा प्राण बाहेर असतो कारण त्याला मरणाचे भय आहे. ते दुष्टाचे कपट आहे आणि ऐकणाऱ्याला पोपट सापडण्याची उत्कंठा असते. बाताचे हृदय फुलात ठेवले जाते ते सख्ख्या भावाने अविश्वास दाखविल्यानंतर. ते सुरक्षिततेसाठी ठेवलेले नाही. माणसांत ते ठेवावे अशी जागा उरलेली नाही, म्हणून ते झाडावर आहे. ज्याने अविश्वास दाखविला त्याच अनपूला पुढे काही वर्षे ते हृदय शोधीत हिंडावे लागते. पश्चात्तापाची ही वाट दख्खनच्या कथेत नाही आणि तिची तेथे गरजही नाही. एकच कल्पनाबंध एका कथेत शत्रूचे मर्मस्थान होतो, तर दुसरीत दुखावलेल्या माणसाचे एकाकीपण. साम्य दाखविणाऱ्या यादीला हा फरक दिसत नाही, कारण तो वस्तूत नसून कथनाच्या क्रमात असतो.

या यादीत आणखी एक गोष्ट नाहीशी होते. मेरी फ्रिअरने संग्रहाच्या प्रारंभी ॲनाचे आत्मनिवेदन दिले होते. कथा सांगणारी आजी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर पत्करलेली चाकरी, बदललेले दिवस, हे सारे तीत आले आहे. एकोणिसाव्या शतकात भारतीय कथनकार स्त्रीला असे स्थान मिळणे दुर्मीळ होते. फ्रेझरपर्यंत पोहोचेतो उरते ती फक्त एक 'हिंदू कथा'. ख्रिस्ती घरातील, अनेक भाषांच्या सीमेवर वाढलेल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत कथा सांगणाऱ्या स्त्रीचे कथन एका अखंड, अनाम 'हिंदू' परंपरेचा नमुना बनते. बाताची कथा लिहून काढणारा लेखनिक एन्नाना याचेही असेच झाले. पौर्वात्यवादाची चर्चा करताना एडवर्ड सैद याने १९७८ मध्ये ज्या प्रक्रियेकडे लक्ष वेधले, ती केवळ तिरस्कारातून घडत नाही. 'सर्वत्र माणूस सारखाच' या सौजन्यातूनही ती घडते.

४

हा दोष केवळ युरोपीय अभ्यासकांचा होता असे मानणे सोयीचे असले तरी यथार्थ नाही. पुण्याच्या विद्वत्परंपरेत तुलनेचे दोन प्रवाह दिसतात आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भांडारकर गौरवग्रंथात लोकमान्य टिळकांनी खाल्डियन संस्कृती आणि वेद यांच्या संबंधांवर निबंध लिहिला. अथर्ववेदातील तैमात, आलिगी, विलिगी यांसारखे परके वाटणारे शब्द त्यांनी निवडले आणि दोन संस्कृतींमध्ये देवाणघेवाण झाली असावी असे मांडले. त्यांचे सर्व निष्कर्ष आज टिकतात असे नाही. तथापि त्यांचा युक्तिवाद विशिष्ट सूक्तांतील विशिष्ट शब्दांना बांधलेला होता, त्यामुळे तो तपासता येतो आणि खोडताही येतो. शिवाय 'आपण घेतलेही असेल' ही शक्यता वेदांच्या बाबतीत उच्चारण्याचे धैर्य त्यात होते.

दुसरा प्रवाह पु. ना. ओक यांच्या लेखनात टोकाला गेलेला दिसतो. इजिप्तसह सारे प्राचीन जग मूळचे वैदिक होते, हा त्यांचा सिद्धांत प्रामुख्याने ध्वनिसाम्यावर उभा होता. येथे ओळख हा शोध राहत नाही, मालकीचा दाखला होतो. जी संस्कृती आपली शाखा ठरली, तिची भाषा शिकण्याची, तिच्या कथा मुळातून वाचण्याची आवश्यकताच संपते. विल्फर्डला निदान पोथीतील पाने बदललेली दिसली. येथे पोथीच उघडली जात नाही.

वास्तविक महाराष्ट्र आणि इजिप्त यांच्यात प्रत्यक्ष संबंध होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. येथील अकीक आणि कापड भडोचमार्गे जात असे. याच पैठणशी, सातवाहनांच्या राजसभेशी, गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची परंपरा जोडली जाते. तेव्हा मालाबरोबर कथाही गेल्या-आल्या असतील, हे संभाव्य आहे. मात्र संभाव्यतेला पुराव्याचा दर्जा द्यावयाचा नसेल तर काय करता येते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

हेरोडोटसने इजिप्तमध्ये ऐकलेली म्हणून दिलेली राजा ऱ्हाम्पसिनिटस आणि चोर यांची कथा, आणि अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेली घट आणि कर्पर या चोरांची कथा यांतील साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपले आहे. दोन्हींत एका चोराचा बळी जातो, प्रेतावर पहारा बसतो आणि दुसरा चोर युक्तीने प्रेत सोडवितो. हेरोडोटसमध्ये पहारेकऱ्यांना दारू पाजली जाते. सोमदेवाच्या कथेत घट जोगड्याच्या वेषात येतो, हातातील दूधभाताचे भांडे मुद्दाम पाडतो आणि 'कर्पर' फुटले म्हणून आक्रोश करतो. कर्पर म्हणजे भांडे आणि कर्पर हेच मेलेल्या मित्राचे नाव. पहारेकऱ्यांदेखत तो मित्राचाच शोक करतो आणि त्यांना वाटते की, हा फुटक्या भांड्यासाठी रडतो आहे. मराठी वाचकाला येथे 'खापर' हा शब्द ऐकू येतो आणि विनोदाच्या आत दडलेला शोक त्याला शब्दकोशाविना कळतो. कथानक समुद्र ओलांडून गेले असेल किंवा आले असेल, पण हा शोक कोणत्याही जहाजात चढू शकत नाही. तो भाषेत घडला आहे. तौलनिक अभ्यास कथानकापाशी थांबतो तेव्हा साहित्य अजून सुरूही झालेले नसते.

पुण्यातच याहून वेगळी शिस्त घडली होती. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी'मध्ये (१९६२) मातृदेवतांची स्थाने धुंडाळली ती पुण्याच्या आसपासच्या वाटांवर चालून. मावळातील मावलाया, साती आसरा, सटवाई यांच्याकडे त्यांनी जागतिक मातृदेवतेची रूपे म्हणून आधी पाहिले नाही. ही देवता याच तिठ्यावर का आहे, तिच्या आसपास सूक्ष्मास्त्रे का सापडतात, तिची वाट कोणत्या जुन्या पशुपालक वा व्यापारी मार्गाला मिळते, हे प्रश्न त्यांनी आधी विचारले. रा. चिं. ढेरे यांनीही 'लज्जागौरी' आणि 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथांत नाव, स्थान, विधी आणि कथा यांचे दुवे एकेक करून जोडले. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद होऊ शकतात. मात्र साम्य हा त्यांच्या शोधाचा आरंभ असतो, निकाल नसतो. साती आसरा आणि सात हाथोर यांच्याबद्दलही हेच विचारावे लागेल. आसरा पाण्याकाठी वसतात, पाळणाऱ्यावर प्रसन्न होतात, न पाळणाऱ्याला झपाटतात. हाथोर पाळण्यापाशी येतात, बोलतात आणि निघून जातात. सटवाई लिहिते, पण तिचा लेख कोणी वाचू शकत नाही. हाथोर उच्चारतात आणि सारा राजवाडा ऐकतो. लेख अज्ञात असला की माणूस झाल्या गोष्टीचे समाधान त्यात शोधतो. भवितव्य आधीच ऐकले असले की त्याला त्याच्यासमोर वागावे लागते. एकात सांत्वन आहे, दुसऱ्यात नाट्य. 'सात' या आकड्याने हा भेद पुसला जातो.

५

याचा अर्थ वाचकाने ओळखीचा पहिला आनंद टाकून द्यावा असा नव्हे. तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. सटवाई आठवली नसती तर हाथोरांचे उघड बोलणे वेगळे आहे हे जाणवलेही नसते. नागपंचमीचे दूध मनात आले नसते तर कुऱ्हाडीचा घाव इतका खोल गेला नसता. परकेपणा कोऱ्या मनाला दिसत नाही. ज्याच्यापाशी स्वतःच्या कथा आहेत त्यालाच तो दिसतो. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्या मराठी समीक्षेने ही बाजू अधिक जपावयास हवी. आपल्या कथांत रुजलेला वाचकच परक्या कथेचा चांगला वाचक होऊ शकतो, मात्र ती कथा आपल्या अंगणात ओढून आणण्याची घाई त्याने करता कामा नये. मीना प्रभु यांच्या प्रवासवर्णनाचे 'इजिप्तायन' हे नाव या संदर्भात लक्षणीय आहे. परक्या देशाला मराठीत आणताना रामायणाचा प्रत्यय सहज जोडला जातो. तो दाराची चौकट म्हणून योग्यच आहे. चौकटीलाच घर समजले की घोटाळा होतो.

शाकुंतलात ओळख पटते ती अंगठीच्या खुणेवरून, केवळ चेहऱ्याच्या साम्यावरून नव्हे. दोन संस्कृतींच्या कथांमध्ये अशी खूण क्वचितच सापडते. जेथे सापडते तेथे ती मोठ्या सिद्धांतांत नसून लहान जागी असते. 'दोन भावांच्या कथे'च्या शेवटी लेखनिक एन्नाना आपले नाव नोंदवितो आणि या लेखाला जो नावे ठेवील त्याच्याशी लेखनाचा देव थॉथ स्वतः वाद घालील, असे बजावतो. भांडारकर मंदिरातील पोथ्या हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला अशा समाप्तिलेखांचा परिचय असतो. पाठ, कंबर आणि मान मोडून लिहिलेली पोथी जपावी, अशी विनवणी हिंदुस्थानातील लेखनिक करीत आला. एक धमकावतो, दुसरा विनवितो. दोघांना भय एकाच गोष्टीचे आहे, ते म्हणजे आपल्यानंतर हे लिखाण भलत्याच्या हाती पडेल. येथे समान मूळ, समान वंश, समान देव यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. वाचकाची जबाबदारी मात्र सिद्ध होते.

शापित राजपुत्राच्या कथेचा शेवट उपलब्ध नाही. साप मारला गेला आहे, राजपुत्र आपल्याच कुत्र्यापासून पळत पाण्याकडे गेला आहे, मगरीने त्याला धरले आहे आणि तेथे पपायरस तुटतो. कहाणीची सवय असलेला वाचक मनातल्या मनात ती सुफळ करून टाकतो. सटवाईचा लेख टळत नाही हे ऐकत वाढलेला वाचक त्याला मगरीच्या किंवा कुत्र्याच्या हाती मारतो. दोघेही आपल्या परंपरेतून बोलत असतात आणि इजिप्तला काय वाटत होते ते पपायरसच्या फाटलेल्या कडेपलीकडे राहते. त्या कडेपाशी थांबण्याइतका संयम वाचकाने दाखविला, तर एन्नानाच्या देवाला त्याच्याशी वाद घालण्याचे कारण उरणार नाही.